आत्याने न पाहिलेलं बेट

डब्याचं झाकण उघडलं आणि भर वैशाखातल्या दुपारी आमच्या कंधारच्या स्वयंपाकघरात असा काही वास दरवळला, की स्टोव्हच्या रॉकेलचा, वाळत घातलेल्या कुरडयांचा, माठाखालच्या ओल्या वाळूचा – रोजचे सगळे ओळखीचे वास क्षणभर मागे सरले. डब्यात साधी चहाची पत्ती होती, पण तिच्यात व्हॅनिला मिसळलेलं होतं.

"अगं, ह्या चहाला तर आइस्क्रीमचा वास येऊन राहिला!" आत्या म्हणाली, आणि तो डबा सातासमुद्रापलीकडून घेऊन आलेली कमळमावशी इतकी हसली, की भिंतीला टेकून खाली बसली.

सुशीलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सासरी नांदायला गेली ती वर्ष सरायच्या आत परत आली, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि आमच्याच घरात राहिली. कमळमावशी ही तिची नांदेडच्या अध्यापक विद्यालयातली मैत्रीण. दोघी एकाच खोलीत राहत, एकाच ताटात जेवत. मग पुण्यात शिकायला आलेल्या मॉरिशसच्या एका मराठी मुलाशी मावशीचं लग्न जमलं आणि ती त्या बेटावरची झाली. त्या उन्हाळ्यात ती प्रथमच माहेरी आली होती. मी तेव्हा चौथीत असेन.

ज्वालामुखीतून वर आलेलं ते बेट मावशीने आम्हाला त्या दुपारी, चहाच्या कपातून वाफ निघत असताना, हातवारे करत दाखवलं.

"पहिल्यांदा येणारे समदे समुद्राकडंच पळतेत. तू न्हाई पळायचं, सुशे," ती म्हणाली. "आधी मी तुला ज्वालामुखीच्या तोंडावर नेते. लई लांब न्हाई, गावातच हाय. भोवती घरं, आन् मधी हा एवढा मोठा खड्डा. कडेकडेनं चालत त्याला पुरी चक्कर मारायची. मग रंगीत माती बघायची – तांबडी, जांभळी, पिवळी, एकात एक मिसळत न्हाई. आन् मग दक्षिणेच्या टोकाला. तिथं लाट नुसती काळ्या दगडावर येऊन फुटती."

"आन् मासे?" मी विचारलं.

"पाण्यात तोंड घालून डोळे उघडे ठेवायचे. पायाजवळून जातेत मासे."

आत्याने चहाचा रिकामा कप नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला…

मावशी परत गेली आणि आमच्या घरात प्रवासाची तयारी सुरू झाली. आत्या ज्या गंभीरपणे मुलांकडून पाढे घोटून घेई, त्याच गंभीरपणे तिने मला बेटासाठी तयार केलं. अंगणातल्या तांब्याच्या घंगाळात पाणी भरून त्यात तोंड बुडवायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. पाण्यातून दिसायचा तो घंगाळाचा थरथरता तांबूस तळ, कडेची लिंबाची दोन-चार पानं, आणि शेजारीच तोंड बुडवलेल्या आत्याचे मोठाले, न मिटणारे डोळे. दोघी एकदमच वर यायचो, धापा टाकत, केसांतून पाणी निथळत असताना हसायचो, आणि आई ओसरीवरून ओरडायची, "अवं वन्सं, पडसं होईल पोरीला!"

संध्याकाळी आम्ही तळ्यावर जायचो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेलं असे आणि काठाचे काळे दगड उघडे पडलेले – दिवसभराचं ऊन पोटात साठवलेले. आत्या म्हणायची, "चपला काढ."

"पाय भाजून राहिलेत, आत्या!"

"भाजू दे. तिथं बी भाजतील." मग एका मोठ्या दगडावर हात फिरवत ती सांगायची, "आपला ह्यो दगड बी एका काळी वाहत व्हता बघ… उकळत्या गुळावानी. मग निवला."

मी दगडाला कान लावायची. आत काही ऐकू येत नसे, पण गालाला लागणारी ऊब इतकी जिवंत असे, की आत्याचं म्हणणं मला कधी खोटं वाटलं नाही. पाणकावळे परतायचे, पलीकडून अजानचा सूर पाण्यावरून तरंगत यायचा, आणि अंधुक उजेडात हातात चपला घेऊन दगडावरून दगडावर जाणारी आत्या मला अगदी माझ्या वयाची वाटायची.

पुढे दोन-तीन वर्षांत पासपोर्टही निघाले. फोटोसाठी आत्या अबोली रंगाची साडी नेसली होती. चौकशीला आलेल्या पोलीस जमादाराने ओसरीवर बसून विचारलं, "कशाला जायचंय बाई तिकडं?"

"बघायला," आत्या म्हणाली.

"आन् काम?"

"काम न्हाई. बघायला."

त्याच पावसाळ्यात एका सकाळी आई भाकरी थापत असताना तिचा उजवा हात पिठातच थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेले, तर आई परातीवर वाकलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि नजर माझ्याकडे – काहीतरी विचारत असलेली. अर्धांगवायू होता. जीव वाचला, पण अंग उठलं नाही, आणि बोलणंही गेलं.

"वहिनी उठून बसू दे, मग जाऊ," आत्या म्हणाली. सुरुवातीला खरोखर सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

आई उठली नाही. आत्या शाळेत जायच्या आधी तिला पुसून काढायची, वेणी घालायची, ज्वारीची पातळ कण्हेरी चमच्याने भरवायची, आणि शाळेतून आली की पदर खोचून पुन्हा तेच. माझं शिक्षण झालं, लग्न झालं, मी नांदेडला आले, वडील गेले, आणि कंधारच्या त्या खोलीत औषधी तेलाच्या वासात दोन बायका एकमेकींची वर्षं संपवत राहिल्या. अधूनमधून मावशीचा फोन यायचा. मग एकदा तिच्या मुलाचा आला. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने आपली आई गेल्याचं सांगितलं. मी सुट्टीला आले होते, समोरच उभी होते. आत्या "बरं… बरं बाबा" म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्या आईची कण्हेरी गाळायला आत गेली.

आई गेली तोवर आत्याला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं होतं. "इंद्रधनुष्य दिसून राहिलं," ती हसून म्हणायची. आम्हीही हसायचो. तो काचबिंदू होता. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की गेलेली नजर आता येणार नाही, आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. ती टिकली नाही. मी आत्याला माझ्या घरी आणलं.

आणि या वर्षी मी तिला मॉरिशसला नेलं. वाटलं, वारा तरी लागेल, समुद्र तरी ऐकू येईल… विमानात ती माझा हात घट्ट धरून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी काहीतरी हललं होतं.

ज्वालामुखीच्या तोंडाशी आम्ही सकाळी पोचलो. "आलं का?" तिने विचारलं.

"हाव."

"धूर हाय का?"

"न्हाई आत्या. कधीचाच इझलाय. आत झाडं उगवलीत. तळाला थोडं पाणी हाय."

"बरं," ती म्हणाली. आम्ही कडेने चालत चक्कर पूर्ण केली. शेजारून धावणाऱ्या माणसांच्या बुटांचे आवाज येत होते. ती एकदाही थांबली नाही.

रंगीत मातीला कुंपण होतं. मातीला हात लावायला मनाई होती; मी रखवालदाराला आत्याचे डोळे दाखवले, खुणेने विनवलं, तोही बिचारा अवघडला, पण नकारार्थी मान हलवत राहिला. आत्या कुंपणाच्या लाकडावर हात ठेवून उभी राहिली. मी रंग सांगायला लागले – जांभळा, मग विटकरी, मग… आणि माझ्या लक्षात आलं, की आपल्याला सांगता येत नाहीये.

दक्षिणेच्या टोकाला लाट फुटली तेव्हा तिच्या अंगावर तुषार उडाले आणि ती दचकून मागे सरली. "काय व्हतं? काय आलं अंगावर?" तिने मला दोन्ही हातांनी पकडलं. "चल इथनं. बास झालं."

परतायच्या आदल्या दिवशी कमळमावशीच्या मुलाकडे गेलो. भला माणूस. आईचं घर विकून तो शहरात राहायला आला होता. त्याची मुलं आपसात तिथल्या क्रिओल बोलीत बोलत होती, आमच्याकडे पाहून गोड हसत होती. आत्याने त्याचा चेहरा चाचपून पाहिला, हनुवटीपाशी बोटं थबकली, आणि मग तिने हात मांडीवर घेतला.

नांदेडला आल्यावर शेजारच्या रेहानाभाभी कौतुकाने भेटायला आल्या. "क्या मौसी, कैसा था टापू?"

"मी कुठं गेले?" आत्या म्हणाली. "हीच जाऊन आली."

भाभींना ती थट्टा वाटली. त्या गेल्यावर मी आत्याजवळ बसले. "असं का म्हणालीस?"

"खरंच सांगून राहिले बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. "तू बोलत व्हतीस, मी ऐकत व्हते. तेवढं तर कमळी बी सांगून गेली व्हती."

त्यानंतर बेटाचा विषय आमच्या घरात निघालेला नाही. माझ्या मुलीने एकदा विचारलं, तर आत्या "विसरले" एवढंच म्हणाली. बाहेर जायचं नाव काढत नाही. खाली अंगणातसुद्धा नको म्हणते. मी कामावरून येते तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसलेली असते, पाय खाली सोडून, हात मांडीवर ठेवून. मी दिव्याचं बटण दाबते. तो आवाज तिला कळतो.

"अंधार पडला का?" ती विचारते.

"हाव, आत्या," मी म्हणते, आणि स्वयंपाकाला लागते.