फेट्यावरची हॅट

"कडा बसली नाई अजून," असे म्हणत ते हॅट हातात गरकन फिरवत आणि उठून खिडकीशी जात. तिथून टपाल आणणारा चपराशी दिसे. तो रिकाम्या हाताने आला, की हे परत टेबलाशी येऊन पुन्हा हॅट हातात घेत.

अमरावतीच्या जंगलखात्याच्या कचेरीत ते माझ्या शेजारी कारकून होते. डेप्युटी रेंजरच्या जागेसाठी त्यांचा अर्ज वर गेला होता. आमच्याकडे हुद्द्याआधी हॅट येते, हे तुम्हीही पाहिले असेल. कित्येकांच्या बाबतीत तर हॅटच्या खाली पुढेही काही येत नाही.

हॅट घ्यायला मी त्यांच्याबरोबर अकोल्याला गेलो होतो. दुकानदार चाचांनी रुंद कडेची, खाकी फेल्टची शिकारी हॅट काढली. "फेटा उतारो, भाऊ. माप पाहू."

"चारचौघांत बोडका होऊ का मी?"

"मंग टोपी डोक्याले देऊ का फेट्याले?"

"द्या तुमी! वाद काहून करता?"

चाचांनी फेट्यावर बसेल अशी हॅट दिली. आरशात ती झकास दिसली. घरी फेटा काढून घातली, तेव्हा नाकापर्यंत आली.

परत करावी, तर चाचांपुढे चूक कबूल करावी लागणार. मग कचेरीतल्या चहाच्या किटलीवर हॅट धरणे सुरू झाले. वाफेने फेल्ट मऊ झाली, की बोटांनी कडा वळवायची आणि घरी नेऊन डोक्याच्या मापाच्या मडक्यावर दाबून ठेवायची. तीन मडकी बदलली. आतल्या पट्टीत कापूस भरला. वऱ्हाडात त्याला काय तोटा?

"तुमाले का वाटते, डावी कडा वर करू?"

"आधी ऑर्डर तर येऊ द्या."

"ऑर्डर आल्यावर येळ कुठी भेटते, बावा?"

याआधी दोनदा त्यांचे नाव कापले गेले होते. वय असे, की या खेपेस नाही तर कधीच नाही. त्यामुळे हॅटची गंमत वाटे, पण हसू अर्ध्यावर थांबे.

ऑर्डर आली. मेळघाटातली धारणी. निरोप द्यायला मी गेलो, तर मोटारीत ते हॅट मांडीवर घेऊन बसले होते.

"आता तरी घाला की."

"लोक पाहून राहिले ना!" फेटा उतरवायला हात काही धजेना.

महिन्याभराने दौऱ्यावरून परतलेला चपराशी हसत सांगू लागला, "ते फेट्यावर हॅट घालते, साहेब!" कापूस काढून टाकलेला, आधी फेटा, वर हॅट, दुकानात बसली होती तशीच चपखल. मोठ्या साहेबांनी एकदा पाहिले आणि नकाशात डोके घातले म्हणे. दिवसभराच्या उन्हाने संध्याकाळी साहेबांचे डोके दुखले, यांचे नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मेळघाटच्या तापाने ते गेले. त्यांची पेटी कचेरीत आली, ती घरी पोचवायचे काम मी मागून घेतले. वहिनींनी हॅट बाहेर काढली. आत फेटा तसाच बांधलेला होता.

"बसत होती का हो त्याईले?"

"बसत होती, वहिनी."

त्यांनी फेटा सोडवला नाही. कोपऱ्यातले मडके पुसले आणि हॅट तशीच त्यावर ठेवली. मी कडेवरून बोट फिरवले. बसली होती.