निम्मी नळी, पोदुम!

अप्पांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी आवळली होती. रुंदी जेमतेम निम्मी उरलीय, उशीर न करता ती उघडून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. अप्पांनी साफ नकार दिला. आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "अर्धं रगत जातें की. या वयाला पोदुम!" पोदुम म्हणजे पुरे. रोज अर्धी कॉफी ओतली की टंबलरवर हात आडवा धरून म्हणतात, तसंच.

जन्मभर गणित शिकवलेला माणूस, आणि निम्म्या नळीतून निम्मं रक्त जातं म्हणतो! माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तरातरा चेन्नईतल्या अड्यार भागात गेले, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून दोन सारख्या लांबीच्या नळ्या आणल्या. एक दुसरीच्या निम्मी रुंद. स्वयंपाकघरात एकाच बादलीतून दोन्हींनी दोन टंबलरांत पाणी सोडलं. रुंद नळीचा टंबलर भरून वाहिला, तेव्हा दुसऱ्याचा जेमतेम तळ ओला झाला होता.

अप्पा वाकून बघत राहिले. मला आणखीच चेव आला. "पॅरिसमध्ये एक डॉक्टर होता. बारीक शिरांतून रक्त कसं वाहतं, याचा त्याला ध्यास. म्हणून केसासारख्या काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून मोजत बसला. त्याच सुमाराला जर्मनीत एक इंजिनियर पितळी नळ्या घेऊन तेच करत होता. एकमेकांचा पत्ता नाही, आणि दोघांचं उत्तर एकच! प्रवाह रुंदीच्या चौथ्या घाताने बदलतो."

"चौथा? दुसरा नव्हे कां?"

"चौथा!"

त्यांचे ओठ हलू लागले. मग मांडीवर थाप. "सोळावा हिस्सा!"

मी टाळ्याच पिटल्या. रक्त म्हणजे काही पाणी नव्हे, हेही सांगायचं होतं. पण अप्पा त्या जवळजवळ रिकाम्या टंबलरकडे बघत होते.

"मग जिना चढताना दम लागतो, तो म्हातारपणाचा नव्हे कां?"

"नव्हे, अप्पा."

"सरी, बरं," ते म्हणाले. "कधी जायचें?"

रक्तवाहिनी उघडून घेऊन अप्पा इस्पितळातून घरी परतल्यावर पहिली कॉफी मीच केली. सवयीने अर्ध्या टंबलरवर थांबले आणि त्यांच्या हाताची वाट पाहिली. हात मांडीवरच होता.

"थांबलीस कां? भर."