त्याचा दम कमी नव्हता

लातुरात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. या माणसानं उभा जन्म बॅगपाइप वाजवला, लोक हसले तरी सोडला नाही. सोबत आणखी एक जण होता, पण त्याचा दम संपला आणि तो मध्येच गळाला. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे आणि तो मी पसरवलेला आहे.

तो दुसरा माणूस आता नांदेडला राहतो. मला तो आवडत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की म्हाताऱ्याला जुना मित्र आठवून गहिवर आला. तसं काही नाही. तो तिरकस बोलायचा, आजही बोलतो. पण वाजवण्यात तो माझ्यापेक्षा सरस होता, आणि लातूरला हे माहीत नाही ते माझ्यामुळं.

मी शिकलो तो नांदेडला, शाळेच्या बँडमध्ये. पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार शिकवायचे. तोंडानं फुंकून चामड्याची पिशवी भरायची, काखेत दाबून हवा सोडायची, पुढच्या नळीवर बोटं चालवायची. खांद्यावरच्या तीन नळ्या तेवढ्यात एकच सूर धरून बसतात. सुट्टीत शाळेचा बाजा घेऊन गावी गेलो. गाव चाकूर तालुक्यातलं, घर शेतकऱ्याचं, जमीन बऱ्यापैकी. वडिलांनी पिशवी हातात न घेता काठीनं उलटून पाहिली.

"कशाची हाय ही?"

"चामड्याची."

"मेलेल्या जनावराचं कातडं तोंडाला लावायलास? हे उंबऱ्याच्या आत येणार न्हाई."

सगळी सुट्टी बाजा कडब्याच्या खोपीत राहिला. मी वडिलांवर धुमसत राहिलो. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही असं मी कैक वर्षं समजत होतो.

पुढं लातूरला डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर नोकरी लागली. मेरठहून स्वतःचा बाजा मागवला. मिल चालू असताना मागच्या गोदामात वाजवलं तर कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथं वाजवायचो. खोलीवर वाजवायची सोय नव्हती. घरमालक दारात उभा राहून म्हणायचा, "भाडेकरू ठेवलाय का वरात ठेवलीय मी?" आता माझं स्वतःचं घर आहे तर आजूबाजूला क्लासच्या पोरांची होस्टेलं झाली आहेत. तिथला रेक्टर भिंतीवरून ओरडतो, "काका, पोरांचं वर्ष वाया जाईल!" बॅगपाइप हळू वाजत नाही. तो वाजतो किंवा वाजत नाही. त्यामुळं माझं निम्मं आयुष्य लोकांच्या शिव्या खात आणि मोकळी मैदानं शोधत गेलं.

अशाच एका मैदानावर एका रविवारी मी पोचलो तर तिथं आधीच कुणीतरी वाजवत होतं. मी लांबून ऐकत उभा राहिलो, आणि पहिली गोष्ट मनात आली ती राग. लातुरात हा बाजा माझा होता.

तो जिल्हा परिषदेत अधिकारी होता. त्याचे वडील पलटणीच्या बँडात होते, त्यामुळं बाजा त्याच्या घरात खुंटीवर असायचा आणि बोटं लहानपणीच तयार झालेली. तो बौद्ध होता. हे मला त्याच्या आडनावावरून पहिल्याच दिवशी कळलं, आणि कळलं हे त्यालाही कळलं. मी त्याला 'साहेब' म्हणायचो. तो मला 'पाटील' म्हणायचा. आम्ही पाटील नव्हतो, ते त्याला ठाऊक होतं.

दर रविवारी आम्ही एकत्र वाजवू लागलो. मैत्री नव्हती ती. दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं म्हणून एकमेकांना सहन करत होतो. मी पिशवी जोरात दाबायचो, त्यामुळं सूर वरखाली व्हायचा.

"पाटील, बाजा वाजवायलास का म्हैस पिळायलास?"

"तुझ्यासारखं कचेरीत बसून बोटं मऊ न्हाईत झाली माझी."

"बोटांचं नंतर बोलू. म्हैस लाथ मारील आता."

तो बरोबर सांगत असे, म्हणून जास्त टोचायचं. त्यानं मधून कधी 'ठीक' म्हटलं तर मला आठवडाभर पुरायचं, आणि याचाही मला राग यायचा.

एका वर्षी सतरा सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला आम्हा दोघांना बोलावणं आलं. ठरलं असं, की झेंडा वर गेल्यावर दोघांनी मिळून एक चाल वाजवायची आणि मग मी एकट्यानं एक संथ चाल. ती मी भरपूर घोटली होती. गावाकडून चुलत्यालाही बोलावलं होतं. मैदानावर पोचून पिशवी फुगवली तर हवा टिकेना. शिवण उसवली होती. फुंकायची नळी काढून खिशात घातली आणि बाजूला उभा राहिलो. पहिली चाल त्यानं एकट्यानं वाजवली. लोक गप्प झाले. लातूरचे लोक झेंडावंदनाला गप्प होत नाहीत, जिलेबीची वाट बघत असतात.

चाल संपवून त्यानं बाजा खांद्यावरून उतरवला, रुमालानं नळीचं तोंड पुसलं आणि माझ्यापुढं धरला.

"घे, पाटील. तुझी चाल राहिली."

समोरच्या खुर्च्यांवर चुलता होता, गावचे आणखी चौघेपाच होते. माझा हात उठला नाही. त्यानं ते ओळखलं. आवाज न चढवता म्हणाला, "तुझी नळी तुझ्या खिशात हाय. ती लाव."

हे खरं होतं. फुंकायची नळी पिशवीतून ओढून काढता येते. आम्हा दोघांचे बाजे मेरठच्या एकाच दुकानातले, माझी नळी त्याच्या पिशवीला बसायची. म्हणजे उष्ट्याचा प्रश्न त्यानंच मिटवून टाकला होता. मग उरली होती फक्त पिशवी, आणि तिच्यात भरलेला त्याचा श्वास.

मी माइकच्या जवळ होतो. म्हणालो, "याची रीड ओली झालीय. सूर उतरलाय. असल्या बाजावर वाजवता यायचं नाही."

रीड म्हणजे नळीतली सूर काढणारी पातळ पट्टी, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनीही माना हलवल्या. निवेदकानं देशभक्तीच्या गाण्याची कॅसेट लावून वेळ सावरली. साहेबानं बाजा पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि स्कूटरवरून निघून गेला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

चहाच्या गाड्यावर चुलत्यानं मुद्दाम विचारलं, "का रं, का न्हाई वाजवलंस?"

"त्याच्या बाजात दम न्हाई. त्याच्यातच न्हाई."

चुलता हसला. त्याला खरं कारण कळलं होतं आणि आवडलंही होतं. बाकीच्यांना दमाचं कारण पुरलं.

साहेब पुन्हा रविवारी मैदानावर आला नाही. त्या एका सकाळपुरतं हे असतं तर कदाचित आज मी लिहायला बसलो नसतो. पण बॅगपाइप म्हटलं की लोक माझ्याकडं यायचे. कॉलेजचं संमेलन असो, साखर कारखान्याचं मोळीपूजन असो, माणसं विचारायची, "ते दुसरे कसे वाजवतात? दोघांना बोलवावं म्हणतो." मी म्हणायचो, "वाजवतात बरं. पण भरवसा न्हाई. मध्येच दम तुटतो." पुढं त्याची नांदेडला बदली झाली. एकदा जयंतीच्या मिरवणुकीसाठी त्याच्याच समाजातली मंडळी माझ्याकडं आली. साहेब अजून वाजवतात का, नांदेडहून येतील का, एवढंच विचारायचं होतं त्यांना. मी म्हणालो, "सोडलं त्यांनी. छातीचा त्रास हाय म्हणं." तो छातीचा त्रास मी उभ्या उभ्या तयार केला. ते हळहळले आणि गेले.

आता लातुरात हौशी तरुणांचा एक बँड आहे. त्यांच्या पिशव्या रेक्झिनच्या आहेत, चामड्याचा प्रश्नच नाही. बँड चालवणारा गृहस्थ क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो आणि इथं मोठा ढोल वाजवतो. मी त्यांचा 'सर'. मागच्या वर्षी त्यानं विचारलं, "सर, नांदेडला एक म्हातारे आहेत म्हणतात. बोटं लई बारीक चालतात त्यांची. पोरांना पाठवावं का?"

"त्यांचा दम कधीच गेला," मी म्हणालो आणि रीड तासायला घेतली.

घरी जाऊन पिशवीत मध आणि ग्लिसरीन फिरवत होतो. हवा निसटू नये म्हणून आतून हा लेप द्यावा लागतो. तेव्हा ध्यानात आलं, की हे वाक्य बोलताना आज मला काहीच झालं नव्हतं. पूर्वी निदान जीभ जड व्हायची.

मी एसटीनं नांदेडला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. तो व्हरांड्यात बसला होता.

"कोण, पाटील? मेला न्हाईस अजून?"

"तू तरी कुठं मेलास?"

सुनेनं पाणी आणून समोर ठेवलं. तो पेल्याकडं बोट दाखवून म्हणाला, "पितोस का? का याची पण रीड ओली झालीय?"

सून गोंधळून आत गेली. मी पाणी प्यालो. तो शेवटच्या घोटापर्यंत बघत होता.

"प्यालास. बरं झालं. आता हार घालू का तुला?"

मी म्हणालो, "त्या दिवशी जरा गैरसमज—"

"कुणाचा? मला तर नीट समजलं होतं. तुझ्या चुलत्याला पण."

"मी माफी मागायला आलोय."

"मला मागून काय करू? माझा दम गेला असं मला सांगितलं होतंस का तू? ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग. आणि जे शब्द बोललास तेच सांग. वळसे घेऊन सांगू नको. तू वाजवतोस तसा बोलतोस पण."

"अजून वाजवतोस?"

"रोज. पण तुला ऐकवत न्हाई."

एवढं बोलून त्यानं पेपर उघडला. मी उठलो. परतीच्या बसमध्ये मी त्याला मनातल्या मनात बरीच उत्तरं दिली. एकही धड नव्हतं.

पुढच्या रविवारी सराव सुरू होण्याआधी मी बँडच्या पोरांना सगळं सांगितलं. झेंडावंदन, खिशातली नळी, दमाचं वाक्य, छातीचा त्रास. तो बौद्ध होता म्हणून मी त्याच्या बाजाला तोंड लावलं नाही, हेही त्याच शब्दांत सांगितलं. मग मागच्या रांगेतला एक जण बोलला. पंचविशीचा, बौद्ध घरातला, वीज कंपनीत कामाला.

"सर, रीड तपासायला तुम्ही सगळ्यांच्या पुढच्या नळ्या काढून फुंकून बघता. माझी कधी फुंकली न्हाई. मलाच फुंकायला लावता आणि कान देता. ते याच्यामुळंच का?"

माझ्या हे ध्यानातच आलेलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. तो म्हणत होता ते खरं होतं.

"हो," मी म्हणालो. "याच्यामुळंच असणार."

"असणार?"

"याच्यामुळंच."

त्यानं सामान गोळा केलं आणि गेला.

माझा मुलगा चिडला. "घरात पोरींची लग्नं व्हायचीत, बाबा. हे चव्हाट्यावर बोलायची काय गरज होती?" पण खरा घोळ ढोलवाल्या मास्तरानं घातला. पंधरा दिवसांत त्यानं माझा सत्कार ठरवला. "या वयात चूक कबूल करायला लई मोठं मन लागतं, सर. लोकांपुढं आदर्श ठेवलाय तुम्ही." शाल-श्रीफळ ठरलं, फ्लेक्सवर माझा बाजासह फोटो लागला, आणि तो फोटो फिरत फिरत नांदेडला पोचला.

फोन आला. "पाटील, यात पण तूच मोठा झालास का रं?"

"मी न्हाई सांगितलं त्यांना."

"मग नको म्हणून कुणी सांगायचं? मी?"

त्याच दिवशी मी मास्तराकडं गेलो आणि फ्लेक्स काढायला लावला. तो म्हणाला, मग शाल त्यांना देऊ, त्यांचा सत्कार करू. मी फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"शाल नको मला. घरात लई हायेत, रिटायर होताना मिळाल्या. वाजवणारी पोरं असतील तर रविवारी पाठवा. आणि तो यायचा न्हाई."

मला बरं वाटलं नाही. इतकी वर्षं रविवार माझा होता. पोरं भाड्याच्या जीपनं नांदेडला जाऊ लागली. सामान घेऊन निघून गेलेला तोही जातो. तो थेट तिकडंच जायला लागला, माझ्याकडं सरावाला येत नाही. मी कुणाला विचारत नाही, पण ऐकतो, की जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायला म्हाताऱ्यानं त्याला तयार केलंय आणि स्वतःही थोडं वाजवणार आहे. बसून वाजवणार, एकच चाल. या वयात तेवढंच जमतं. उभं राहून मैलभर वाजवता येत होतं तेव्हा त्याला बोलावायला आलेली माणसं मी परत पाठवली होती.

मागच्या आठवड्यात बाकीची पोरं माझ्यापुढं वाजवत होती. त्यांची बोटं बदलली आहेत. मी शिकवलेली जड बोटं गेली. दोन सुरांच्या मध्ये तो जी झटकी द्यायचा, ती आता सगळ्यांच्या हातात आलेली दिसते. मी लपवायचा प्रयत्न केला, पण ते ऐकून मला हेवा वाटला, आणि जुना रागही आला.

चाल संपल्यावर एकीनं विचारलं, "सर, कसं झालं?"

'दम कमी पडला' हे उत्तर तोंडात तयार होतं. असली उत्तरं द्यायची सवयच आहे मला.

"मला नको विचारूस," मी म्हणालो. "रविवारी त्यांना विचार."