टर्बोला हुकूम पोहोचतो का?

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचा जोर अचानक गेला, तर दोष टर्बोचाच समजावा काय? या प्रश्नाचे उत्तर मला अड्याळहून गोसीखुर्दकडे जाताना मिळाले.

आदल्या संध्याकाळी मी नागपूरहून माझ्या डिझेल मोटारीने अड्याळला ताईकडे पोहोचलो. पाहुण्याच्या गाडीवर दव पडू नये, म्हणून भाऊजींनी ती आग्रहाने मांडवाखाली, तणसाच्या (भाताच्या वाळलेल्या पेंढ्याच्या) ढिगाला खेटून लावायला सांगितली. जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे आणि नव्या तांदळाचा भात होता.

सकाळी ताईला घेऊन निघालो. गोसीखुर्द धरणात गाव गेल्याने नव्या गावठाणात वसलेल्या आमच्या चुलतभावाच्या मुलीची हळद अकराला होती. पहिली हळद थोरल्या आत्याने, म्हणजे ताईने, लावायची, हा त्या घरचा नेम.

गाव मागे पडले आणि गाडी ओढेना. पाय पूर्ण दाबूनही वेग चाळीसच्या वर जाईना. एक ट्रॅक्टर आम्हाला सहज मागे टाकून गेला. नागपूरच्या ओळखीच्या कारागिराने फोनवरच निकाल दिला: टर्बो गेला, गाडी उचलून आणा. इतक्यात चुलतभावाचा फोन आला. नवरी पाटावर बसली होती.

रस्त्याकडेला शरदभाऊ नावाचे ट्रॅक्टर-मिस्त्री भेटले. त्यांनी सारे शांतपणे ऐकले.

"टर्बो कायले बदलता, भाऊ? आधी त्याले हुकूम पोचते का, ते तं पाहू."

काळा धूर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का, हे त्यांनी विचारले. दोन्ही नव्हते. हवेच्या जाड नळ्या चाचपल्या. त्या शाबूत होत्या. मग मला इंजिन सुरू करायला लावून ते टर्बोजवळची एक बारीक दांडी पाहत राहिले. इंजिन सुरू होताच ती ओढली जायला हवी. ती जागची हलली नाही. दांडीकडे येणाऱ्या बारीक रबरी नळीचे टोक काढून त्यांनी त्यावर बोट ठेवले. दांडी खेचणारी हवेची ओढ शून्य. नळीचा माग काढत ते बॅटरीमागे पोहोचले. तिथे तणसाचे लहानसे घरटे होते आणि नळीचे दुसरे टोक उंदराने कुरतडलेले.

"त्यालेबी हळदीले यायचं होतं वाटते," ताई म्हणाली. "तुह्या भाऊजीनं दवापासून गाडी वाचवली, अन् उंदराले बंगला देल्ला."

शरदभाऊंनी कुरतडलेला भाग कापला, उरलेली नळी ताणून बसवली आणि पुन्हा इंजिन सुरू करायला सांगितले. दांडी झटकन ओढली गेली. काम दहा मिनिटांचे होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. हळदीची वाटी भरलेली, बायका गाणी संपवून गप्पांवर आलेल्या, आणि नवरी तशीच पाटावर.

"आत्या, पाय मुंग्या येऊन बधिर झाले माहे," ती म्हणाली. ताईने चप्पल काढता काढताच तिच्या गालाला हळद लावली.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट मनात पक्की झाली: महागड्या भागावर संशय घेण्याआधी त्याला चालवणारी स्वस्त नळी तपासावी. मी मात्र एकच गाडी पाहिली आहे. तेव्हा वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. दुसऱ्याला इंजिन सुरू करायला सांगून, हात दूर ठेवून, आपल्या गाडीत अशी ओढीवर चालणारी दांडी असल्यास ती हलते का, हे स्वतः पाहावे.