आपलीला धरलं
पंचाने खेळाडूंना हात लावायचा नाही, हे मला परीक्षेच्या वेळीच शिकवलं होतं. भांडण झालं तर शिट्टी वाजवा, दोन्ही कर्णधारांना बोलवा, स्वतः मध्ये पडू नका. मी ते वहीत एक, दोन, तीन असे आकडे घालून उतरवून घेतलं होतं. आठवडाभर मी शाळेत खेळाची शिक्षिका, रविवारी कबड्डीची पंच.

त्या रविवारी चिक्कडपल्लीच्या मैदानावर मुलींचा सामना होता. एका संघाची कर्णधार आपली होती. आपली म्हणजे मराठी. हैदराबादेत आम्ही हा शब्द असाच वापरतो. नल्लकुंट्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. एका सरकारी कारखान्यात खेळाडूंच्या कोट्यातून तिची चाचणी होती, बारा दिवसांनी. नव्या धोरणामुळे कारखाना माणसं कमी करणार होता, त्यामुळे ही शेवटचीच भरती असं सगळे म्हणत होते.

सामना संपत आला असताना एका पकडीवरून वाद झाला.

"बाहर गई तू, नाटकां नक्को कर!" समोरची चढाईपटू ओरडली.

"तेरे आँखां हैं कि बटनां?" आपली म्हणाली.

मैदानाभोवतीचे लोक हसले. समोरचीने रागाने हिला ढकललं, ही तिच्या अंगावर धावली.

मी शिट्टी वाजवली आणि लगेच आपलीचे दोन्ही हात मागून घट्ट धरले. आमच्या घरांत हीच शिकवण: भांडणात आधी आपल्या माणसाला आवरायचं. परक्याला धरलं तर लोक बाजू घेतली म्हणतात, आपल्याला धरलं तर कोणी नावं ठेवत नाही.

"मॅडम, हात सोडा! सोडा की!"

मी सोडले नाहीत. समोरचीने पुन्हा ढकललं. आपली खांद्यावर पडली, मी तिच्यावर. हात मोकळे असते तर तिने ते जमिनीला टेकले असते. तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला: 'झटापटीत पडून खेळाडू जखमी.' अक्षर छान आलं होतं.

चौथ्या दिवशी ती घरी आली, हात झोळीत. कारखान्याचे साहेब म्हणाले होते, दुखापतीत तिची चूक नव्हती असं पंचाने लिहून दिलं तर चाचणी पुढे ढकलू.

"मी भांडले, हौ, ते पण लिहा," ती म्हणाली. "पण तुम्ही धरलं म्हणून मी पडले, तेवढंही लिहा."

"पंचाने हात लावला असं लिहिलं तर मला पुन्हा कोणी पंच नेमणार नाही गं."

"मग तुम्ही तिला का नाही धरलं? ढकलत तर ती होती."

"तू आपली म्हणून."

तिने झोळीतला हात सावरला. "मग लिहिताना पण आपलीच समजा ना, मॅडम."

मी तिला चहा दिला आणि टेबलाशी बसून पत्र लिहिलं. खेळाडू शिस्तीची आहे, मेहनती आहे, दुखापत खेळताना झाली, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. तिने ते उभ्या उभ्या वाचलं.

"हे तर कोणीपण लिहून देईल," एवढंच म्हणाली. तरी घेऊन गेली.

साहेबांनी पत्र परत केलं. चाचणी तिच्यावाचून झाली, आणि पुढे तिथे कोट्याची भरती निघालीच नाही. मी अजून बरीच वर्षं सामने केले. मला कोणी काही विचारलं नाही. तिने कुठे सांगितलंच नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी मी आठवडाभर आधी करते. तिच्या आईचं नाव त्यात दरवर्षी असायचं. त्या वर्षी मी ते लिहिलं नाही. त्या माउलीने तक्रार केली असती अशी भीती नव्हती. ती आली असती, नेहमीसारखी हसली असती, आणि वाण देताना मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.