झोपाळा थांबला होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेही नाही. देवापुढे उभी राहिले की मी दिवसभराच्या कामांचीच उजळणी करते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. उद्या सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसणार नाही.

मी रडूबाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. चाळिशी ओलांडली आहे. घर, गडीमाणसं, केळीचा बाग, कापूस वेचणाऱ्या बायांची भांडणं — सगळं माझ्याच्याने निभतं. तेव्हा हेही दोन ओळींत सांगून मोकळी होईन, असं वाटलं होतं. आता बसले आहे, तर सुरुवातच सापडत नाही.

बापूंपासून करते. बापू म्हणजे माझे सासरे. तापीकाठच्या आमच्या गावातून बडोद्याला जाऊन कॉलेजात इतिहास शिकवणारा पहिला माणूस. काचबिंदूने डोळे गेले, नोकरी सुटली, गावी परतले. शेती माझ्या नवऱ्याकडे होतीच. बापू मधल्या खोलीतल्या झोपाळ्यावर बसले आणि मराठीत एक मोठा ग्रंथ रचायला लागले. कशावर? आपल्या मराठ्यांवर नाही, खानदेशावर नाही. कॉन्स्टँटिनोपलवर! तिथल्या बायझंटाइन सम्राटांवर, आणि जेरुसलेम जिंकायला युरोपातून निघालेल्या क्रुसेडच्या सरदारांवर. दोघेही ख्रिस्तीच, पण एकाचा दुसऱ्यावर काडीचा विश्वास नाही.

शेजारचे हिरामण आबा रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारायचे, "का बापू, आज कोन मरी गया?"

बापू गंभीरपणे सांगायचे, "आज कुणी नाही. आज तह झाला."

"आनि सकाय मोडतीन! आपला भाऊबंदसना मायेकच शेतस ते." आबा खो खो हसायचे. बापूही हसायचे. म्हणायचे, हे तह उद्या मोडतील, आपल्या भाऊबंदांसारखेच आहेत ते — आबाला जे कळलं ते कळायला मला पंधरा वर्षं लागली.

आता माझं. माझे वडील खांडबाऱ्याला रेल्वे स्टेशनात नोकरीला होते, म्हणून मला इंग्रजी आलं. मॅट्रिक झाले. पुढे शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं — राहू द्या ते. मला बघायला आले तेव्हा मुलगी चालून दाखव, स्वयंपाक काय येतो, असलं काही विचारलं नाही. बापूंनी पिशवीतून इंग्रजी वर्तमानपत्र काढून पुढे केलं आणि म्हणाले, वाच बेटा, मोठ्याने. मी वाचलं. बापूंनी मान डोलावली. लग्न ठरलं. माझी आई सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरली. घरात आल्यावर दुसऱ्याच दुपारी मला कळलं, की सून ही नंतरची गोष्ट. आधी त्यांना डोळे हवे होते.

रोज दुपारी, जेवणं आटोपली की मधली खोली. उन्हाळ्यात दारं बंद, झळा नकोत म्हणून. हंगामात अर्धी खोली कापसाने भरलेली, भाव वाढायची वाट बघत. नाकातोंडात तंतू जायचे. मी खाली चटईवर, बापू झोपाळ्यावर. मी वाचायची, ते ऐकायचे. लिहून काही घ्यायचे नाहीत — कसं घेणार? त्यांची रीत वेगळी होती. झोपाळा चालू असला म्हणजे नुसतं ऐकताहेत. एखादं वाक्य ठेवून घ्यायचं असलं की पाय जमिनीला लावून झोपाळा थांबवायचे. ते वाक्य मी पुन्हा वाचायचं. पाय उचलला, झोपाळा हलला, की ते वाक्य कायमचं आत गेलं. वर्षानंतर पान सांगायचे. मी पडताळून बघायची. एकदाही चुकले नाहीत.

एक ताकीद पहिल्याच दिवशी दिली होती. "तळटीप सोडायची नाही. वर लेखक बोलतो, खाली साक्षीदार बोलतात."

बरीच वर्षं मी एकही सोडली नाही. यावर विश्वास ठेवा. नाही ठेवलात तरी चालेल.

मग मुंबईहून एक नवा जाडजूड इंग्रजी ग्रंथ आला. पार्सल नंदुरबार स्टेशनातून बैलगाडीने आणलं. बापूंनी तो मांडीवर घेऊन हात फिरवला, वास घेतला, लहान मूल गोंजारावं तसा. माझी धाकटी तेव्हा अंगावर पीत होती. या ग्रंथाच्या तळटीपा पानाच्या निम्म्यापर्यंत चढलेल्या, त्यांत लॅटिन, ग्रीक, मला धड उच्चारता न येणारी नावं. एका दुपारी पलीकडच्या खोलीत पोर रडत होती, ओसरीवर मजूर खोळंबले होते. मी एक तळटीप सोडली. झोपाळा हलतच राहिला. त्यांना कळलं नाही. कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी दोन सोडल्या. पुढे सगळ्याच. काम लवकर उरकायला लागलं.

त्या ग्रंथात अँटिऑकची हकिकत होती. बापूंच्या सगळ्या अभ्यासाचा जीव तिथे होता. क्रुसेडवाले अँटिऑक शहर घेतात आणि आतच कोंडले जातात — बाहेर शत्रूचा वेढा. सम्राट फौज घेऊन त्यांच्या मदतीला निघतो. वाटेत तिथून पळून आलेला एक सरदार भेटतो. तो सांगतो, आता जाऊन उपयोग नाही, तिथे सगळं संपलं. सम्राट मागे फिरतो. आत माणसं जिवंत होती, लढत होती. तेव्हापासून युरोपाने त्या सम्राटाला दगाबाज ठरवलं. बापूंचं म्हणणं होतं, तो दगाबाज नव्हता. ज्याच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला, तो माणूस भरवशाचा नव्हता, एवढंच. सम्राटाच्या मुलीने बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहून ठेवला आहे. तिची साक्ष बापू आधाराला घ्यायचे.

ग्रंथ संपल्यावर बापूंनी मला एक मोठा लेख सांगितला. मी लिहून घेतला. त्यात या इंग्रज लेखकावर झोड होती, की याने सम्राटाच्या मुलीची साक्ष पाहिलीसुद्धा नाही. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला का? थोडा थांबला. तिथे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण तळटीपा सोडल्यात एवढं तर ठाऊक होतं ना? तेव्हा उठून ते पान उघडायला कितीसा वेळ लागला असता? मी टाक दौतीत बुडवला आणि पुढचं वाक्य घेतलं.

लेख पुण्याच्या एका त्रैमासिकात छापून आला. पुढच्या अंकात एका प्राध्यापकाचं उत्तर. तो अंक नवऱ्याने शहाद्याहून आणला आणि तिथेच दारात उभा राहून म्हणाला, वाच, बापूंचं नाव आलंय. तो समोर नसता तर तेही मी गाळलं असतं? बहुतेक गाळलं असतं. पण तो उभा होता. मी वाचलं. प्राध्यापकाने लिहिलं होतं, की सम्राटाच्या मुलीच्या साक्षीची पूर्ण छाननी त्याच पानाच्या तळटीपेत आहे, आणि ग्रंथाचा तळ न पाहता त्यावर लिहिणाऱ्यांनी इतिहासाच्या वाटेला जाऊ नये.

झोपाळा थांबला.

बापूंनी शांतपणे विचारलं, "बेटा, ही टीप तू मला वाचून दाखवली होतीस का?"

नवरा माझ्याकडे बघत होता. 'नाही' म्हणायला किती श्वास लागतो?

मी म्हणाले, "वाचली होती, बापू. तुम्ही झोपाळासुद्धा थांबवला होता."

खोटं बोलायचं तर 'वाचली' एवढं पुरलं असतं. झोपाळ्याचं कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

बापूंनी तो ग्रंथ आणायला लावला आणि ती टीप वाचून घेतली. शेवटपर्यंत ऐकली. "चांगली टीप आहे," म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे डोकंही गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घेऊन गेले, तर म्हणाले, आता नको. जे ऐकून राहत नाही ते ऐकायचं कशाला? ज्याला कागद दिसत नाही, त्याच्या डोक्यातच त्याचं सगळं ग्रंथालय. त्याचा भरवसा उडाल्यावर पुढचं प्रकरण कशावर रचणार? ग्रंथ अँटिऑकशी थांबला तो थांबलाच. झोपाळ्यावर घेरी येते म्हणून तो उतरवायला सांगितला. फळी चांगल्या सागाची होती. मी ती स्वयंपाकघरात बसवून घेतली. लोणच्याच्या बरण्या तिच्यावर आहेत.

पुढे घराने त्यांना हळूहळू म्हातारं केलं. केळीच्या सौद्यात नवरा त्यांना विचारीनासा झाला. विचारून काय उपयोग, त्यांच्या ध्यानात कुठे राहतं! हिरामण आबांनी कोण मेलं ते विचारणं सोडलं आणि मोठ्याने, सावकाश बोलायला लागले, बहिऱ्याशी बोलावं तसे. बापू कधीकधी एकटेच सम्राटांची नावं ओळीने म्हणायचे आणि मला विचारायचे, बरोबर? मी म्हणायची, बरोबर. एकही नाव इकडचं तिकडे झालेलं नसायचं. ते म्हणायचे, "तू म्हणतेस म्हणून." चहाची कपबशी खाली ठेवून विचारायचे, "मी चहा घेतला ना?" घेतला, बापू. "बरं."

सांगायला दिवस थोडे होते का? चांगली पाच वर्षं ते जगले. रोज एक दुपार होती. रोज वाटायचं, काल सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. मनातून मी अजून त्याच खोलीत, त्याच बंद दारांआड होते, फक्त आता पुस्तकाशिवाय. सांगितलं असतं तर नवरा काय म्हणाला असता, गाव काय म्हणालं असतं, हे सगळं मनात यायचं, आणि तेच खरं कारण आहे असं मी स्वतःला सांगत आले.

ते खरं कारण नाही. अजून एक राहिलं आहे. बापूंनी विचारलं आणि मी तोंड उघडलं, त्या दोहोंच्या मध्ये मला एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. यांनी हे खरं मानलं, तर उद्यापासून वाचन नाही. ती खोली नाही. म्हणून झोपाळ्याचं जोडलं, त्यांनी नक्की मानावं म्हणून. आणि तसंच झालं. मला दुपार मिळाली. पहिल्याच दुपारी मी पोरीला कुशीत घेऊन गाढ झोपले.

बापू गेले. आमच्या घरात आता एक म्हण पडली आहे. कुणी काही विसरलं की त्याला बापू म्हणतात. परवा मी ताकात मीठ घालायला विसरले. नवरा म्हणाला, "तू बी बापू व्हई गई का?" पोरं हसली. मीही हसले.

बापू काहीही विसरले नव्हते. ती टीप मी वाचलीच नव्हती.