भिंतीसमोर राहणाऱ्यांचा पेंटर

निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत भिंती रंगवायला येणाऱ्या माणसाला सगळे नुसतं पेंटरच म्हणत. भिंतीला पांढरा हात मारून झाला की तो समोरच्या घरात चहा मागायचा आणि त्यांच्याच ओट्यावर बसून भिंतीकडे बघत राहायचा. "मी रंगवून जानार. रोज बघायचं तुम्हाला हाय," असं म्हणायचा.

एकदा निवडणुकीत एका कार्यकर्त्याने त्याच्या हातात भिंतीवर लिहायच्या मजकुराचा कागद ठेवला. त्यात दुसऱ्या धर्माच्या लोकांना शिव्या होत्या. आमच्या गावात पूर्वी झालेली दंगल आम्ही विसरलो नव्हतो. पेंटरने मजकूर वाचला, चहा संपवला आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही राहता कुठं?"

"पडघ्याला."

"मग चला, तुमच्या दारासमोर लिहितो. तुमच्या पोरांना रोज वाचू द्या. हितं न्हाय."

कार्यकर्ता कागद घेऊन बडबडत निघून गेला. आता काय काढू, असं पेंटरने समोरच्या चाचीला विचारलं. ती म्हणाली, "पेड़ बना दो. गली में एक भी नहीं है."

त्याने जांभळाचं झाड काढलं, गल्लीभर पसरलेलं.

गल्लीतल्या लूममधून, म्हणजे यंत्रमागांमधून, उडणारी कापसाची धूळ आमच्याकडे सगळ्यावर बसते, तशी त्या पानांवरही बसायची. पेंटर जाता-येता ओल्या फडक्याने झाड पुसायचा. पुढे माझा हात पोचेल तेवढी खालची पानं मीच पुसू लागले. वरची मुद्दाम त्याच्यासाठी ठेवायचे, म्हणजे तो आला की ती पुसून चहाला थांबायचा.